पाचवी ओळ

कॅप्टन गुणवंतराव गुरनुले यांनी फूटपट्टी दगडावर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि सातव्या ओळीच्या शेवटी बोट टेकवलं.

"रसूलभाई, ही ओळ उतरून राह्यली."

"आधा सूत असंन साहेब," गुलाम रसूल म्हणाला. "आधा सूत कोन पाहते?"

"मी पाहतो."

"तुमी तं मले फौजेतच घेऊन चालले."

"तुमची छाती भरत नाई."

गुलाम रसूल हसला आणि छिन्नीवरची धूळ फुंकून पुन्हा कामाला लागला. मूल गावातल्या राइस मिलमागच्या त्याच्या छपरीत पाटे, वरवंटे आणि जात्याचे दगड रचून ठेवलेले होते. कधी कबरीचा दगडही तो करी. त्याला उर्दू वाचता येई, नागरी येत नसे. कॅप्टननी पातळ कागदावर नऊ नावं काढून दिली होती, ती त्यानं वेलबुट्टीसारखी दगडावर उतरवली होती. लढाईत गेलेल्या, मूल आणि आसपासच्या गावांतल्या नऊ जणांची ती यादी होती. १९५५ सालचा जानेवारी चालू होता. सव्वीस तारखेला शाळेच्या पटांगणात डिप्टी कमिश्नरच्या हस्ते दगडावरचा पडदा निघायचा होता. मध्ये चार दिवस उरले होते.

छपरीच्या तोंडाशी तिघं येऊन उभी राहिली. पुढं एक म्हातारी, तिच्यामागं तिशीतली बाई आणि सर्वांत मागं डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस. मोहाळीची सोनीबाई मडावी कॅप्टनच्या ओळखीची होती. तिचा मुलगा वारलू त्यांच्या कंपनीत होता आणि बेचाळीस साली ब्रह्मदेशातून परतताना वाटेत गेला. त्रेचाळीसमध्ये रजेवर आल्यावर कॅप्टन स्वतः तिच्या घरी जाऊन बसले होते. बरोबरचा माणूस म्हणजे तिचा धाकटा मुलगा पोचू आणि ती बाई त्याची बायको रुखमा, हेही त्यांना माहीत होतं.

"हाच दगड का जी?" सोनीबाईनं विचारलं.

"हाच. या, बसा बाई."

"बसाले नाई आली. वाचून दाखवा मले."

कॅप्टननी चष्मा सारखा केला आणि वरून वाचायला सुरुवात केली. नाव, बापाचं नाव, गाव. म्हातारी प्रत्येक नावाला मान हलवत होती. पाचव्या ओळीवर ते आले. "वारलू लच्चू मडावी, मोहाळी."

रुखमानं पदर तोंडाशी नेला. मागचा माणूस दुसरीकडं पाहू लागला.

"हे नाव काढा," सोनीबाई म्हणाली.

"काऊन? बाई, तुमच्या लेकाच्या मानाचा दगड आहे हा."

"लेक माह्या मागं उभा हाय."

"हा पोचू."

"नाई जी. हा वारलू. गेला तो पोचू."

मिलचा भोंगा झाला. मजूर जेवायला सुटले. गुलाम रसूलनं छिन्नी खाली ठेवली.

"अख्ख्या मोहाळीले ठाऊक हाय कप्तानसायेब," सोनीबाई म्हणाली. "तुमालेच तेवढं नाई."

*

मूलमध्ये गुणवंतरावांना सगळे कप्तानसाहेब म्हणत, पण फौजेत त्यांनी बंदूक चालवली ती फक्त चांदमारीच्या सरावात. माळ्याच्या घरातला हा मुलगा चांद्याच्या शाळेतून मॅट्रिक झाला आणि १९२७ साली क्लार्क म्हणून भरती झाला. हवालदार क्लार्क, जमादार, सुभेदार, आणि स्वातंत्र्यानंतर प्रशासकीय हुद्द्यावर कॅप्टन. पंचवीस वर्षं त्यांनी माणसांची यादी ठेवली. कोण कुठं आहे, कोणाला कंबल मिळालं, कोणाच्या घरी काय कळवायचं. गावात परतल्यावर लोक विचारत, "कप्तानसाहेब, किती मारले जी?" ते सांगत, "एकही नाही. मोजले मात्र सगळे." लोकांना तो विनोद वाटे.

पदक त्यांना त्या मोजण्याबद्दलच मिळालं होतं. बेचाळीसच्या माघारीत त्यांची पायोनियर कंपनी ब्रह्मदेशातून पायी निघाली. रस्ते आणि पूल बांधणारी कंपनी, दोनशे बारा माणसं. हद्दीच्या अलीकडं एकशे सत्त्याऐंशी पोचली. गुणवंतरावांनी कंपनीचा रोल, म्हणजे माणसांची नोंदवही, मेणकापडात गुंडाळून पाठीवर आणला होता. न पोचलेल्या पंचवीस जणांपैकी प्रत्येक जण कुठं, कोणत्या तारखेला आणि कशानं गेला, हे त्यात लिहिलेलं होतं. दुसऱ्या कंपन्यांमधले शेकडो लोक 'बेपत्ता' या एका शब्दात जमा झाले होते. त्यांच्या कंपनीत बेपत्ता कोणीच नव्हता. कामठीच्या परेडवर जनरलनं पदक लावलं तेव्हा मानपत्रात वाचलं गेलं, की या रोलमध्ये एकही नाव चुकीचं नाही.

ते मानपत्र सव्वीस तारखेला डिप्टी कमिश्नरसमोर वाचलं जाणार होतं. कार्यक्रमपत्रिका छापून आली होती.

*

कॅप्टननी तिघांना घरी आणलं. ओसरीवर पाण्याचा तांब्या ठेवला आणि आतून लोखंडी पेटी आणली. कंपनीच्या रोलची एक प्रत त्यांच्याकडं होती.

"आता सांग," ते त्या माणसाला म्हणाले. "एकेचाळीसच्या फागुनात मी भरतीले मूलच्या बाजारात आलो होतो. तिथी कोन आला होता?"

"आमी दोघंही आल्तो जी. मले घेतलं. पोचूची छाती एक इंच कमी भरली, त्याले नाई म्हणलं. तुमीच फीत लावली होती."

"मंग?"

त्यानं बायकोकडं पाहिलं. रुखमानं सांगितलं. "तुमी चिठ्ठी देल्ली का आठव्या दिवशी मूल टेसनावर हजर व्हा. आन् सहाव्या दिवशी ह्यायले हळद लागली होती. आमचं लगन ठरूनच होतं. हळद लागलेला नवरदेव शीव सोडत नाई जी. सोडली तं दोन्ही घरं बुडते म्हणते. वर चिठ्ठी सरकारची. नाई गेलं तं पोलीस येईन म्हणून सारे भेले होते."

"सांगाचं होतं मले. लग्नाले मुदत देल्ली असती."

"सायबाले सांगता येते हे कोनाले ठाऊक होतं?" सोनीबाई म्हणाली. "आमाले सायेब म्हणजे पटवारी न् जंगलचा गार्ड. पोचू म्हणे, याया, मी जातो. लगन झालं का दादा येऊन उभा राहीन, मी वापस येईन. हासत गेला. त्याले तं जाचंच होतं." याया म्हणजे गोंडीत आई. "मंग दादाची काई पाळी आली नाई. गाडी निघून गेली दूर."

कॅप्टननी रोल उघडला. प्रत्येक नावापुढं ओळखीची खूण लिहिलेली होती. मूलच्या बाजारात त्यांनीच लिहिली होती, आपल्या हातानं. वारलू लच्चू मडावी, वय एकोणीस, उंची पाच फूट चार, डाव्या कोपराखाली भाजल्याचा व्रण, रुपयाएवढा.

"डावा हात," ते म्हणाले.

त्या माणसानं बाही वर केली. कोपराखाली चकाकणारी गोल कातडी होती.

कॅप्टननी ती बराच वेळ पाहिली. मग रोलमधली त्या ओळीच्या शेवटची छोटी खूण पाहिली. स्टेशनवर गाडीत चढवण्यापूर्वी प्रत्येकाची खूण अंगावर पडताळायची आणि मग ही टिक करायची, असा नियम होता. त्या सकाळी एकशे चाळीस जण होते. अरुंद रुळांची ती छोटी गाडी अर्धा तास आधीच येऊन उभी होती. त्यांनी चिठ्ठ्या मोजल्या, डोकी मोजली, दोन्ही आकडे जुळले. मग नागभीडपर्यंतच्या प्रवासात मांडीवर रोल ठेवून त्यांनी एकशे चाळीस वेळा टिक केली. खूण हललेली होती. गाडीत केल्यासारखी.

"माह्या हातून झालं हे," ते म्हणाले.

"तुमच्या हातून कसं जी? खोटं तं आमी बोललो."

"खोटं तुम्ही बोललात. खरं आहे असं मी लिहून देल्लं."

रुखमा म्हणाली, "गावातले पोट्टे आता मले हासून राह्यले. तुह्या नवऱ्याचा दगड आला म्हणते, कुंकू पुसून टाक म्हणते. मी त्यायले शिव्या देल्ल्या. पण जीव तं भेते ना जी."

"माहं तसं नाई," सोनीबाई म्हणाली. "वारलू माह्या डोयापुढं हाय. दगडानं तो मरत नाई. पण आमच्यात मानूस गेला का त्याच्या नावचा दगड उभा करते. पोचूचा केला नाई. कसा करू? पटवारी विचारीन, पोचू मेला तं हा घरात कोन? तेरा वर्सं झाले, तो कुठीच नाई. ना शेतात दगड, ना कागदात नाव. आन् आता सरकार दगड करून राह्यलं तं त्याच्यावरही नाई."

कॅप्टननी पेटीवर हात ठेवला. "बाई, नाव बदलायचं तर मला वर लिहावं लागेल. दगडावर एक आणि रोलमध्ये दुसरं, असं मी ठेवणार नाही. लिहिलं की चौकशी होईल. तुमची पेन्शन थांबू शकते."

"ती वारलूच्या नावची ना?"

"हो."

"मंग जित्या लेकाच्या मरणाचं खाल्लं मी तेरा वर्सं. थांबते तं थांबू द्या."

ती उठली. पायरी उतरता उतरता तिनं विचारलं, "तवा तुमी म्हणले होते, शेवटी तो काईच बोलला नाई. खरं का?"

हा प्रश्न तिनं त्रेचाळीसमध्येही विचारला होता. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते त्यांना खरंच वाटत होतं. मरणाऱ्यांचं बोलणं रोलमध्ये लिहीत नाहीत.

"बोलला," ते म्हणाले. "हगवण लागली होती. नदीच्या काठी झाडाखाली ठेवलं होतं. मी रोल घेऊन गेलो. तो म्हणाला, हवालदारसायेब, माहं नाव लिहून घ्या. मी म्हणालो, नाव आहे माझ्याकडं, पडून राह्य. पुन्हा म्हणाला, नाव लिहून घ्या. मी म्हणालो, लिहिलेलं आहे बाबा. पुढं सात जण आणखी पाहायचे होते."

सोनीबाई पायरीवर उभी राहिली. ती रडली नाही. "त्याले बोलाची सवयच होती," ती म्हणाली. "सांगितल्याबिगर राहत नव्हता."

मग ती निघाली. मागोमाग दोघं. वारलू दारातून वळला, कॅप्टनच्या पाया पडायला वाकला आणि त्यांनी त्याला मध्येच धरलं.

*

संध्याकाळी तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या जनपद सभेचे बापूजी आले. दगडाचा खर्च जनपदानं उचलला होता आणि बापूजी त्या कमिटीचे अध्यक्ष होते. बातमी त्यांच्यापर्यंत मिलच्या मजुरांकडून पोचली होती.

"गुणवंतराव, हे काय काढलं बाप्पा नवीन? वारलू काय आन् पोचू काय, एकाच मायची लेकरं. कोन वाचते दगड? आठ दिवस वाचतीन, मंग म्हशी अंग घासतीन त्याले."

"मी वाचतो."

"तुमी एकटे. आन् डिप्टीसायेबापुढं मानपत्र वाचाचं हाय. एकही नाव चुकीचं नाई, असं हाय ना त्यात? मंग नाव बदलून कसं वाचाचं?"

"वाचायचं नाही."

बापूजींनी चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. "छापून आलं ना जी."

"खोडा."

"तुमाले कोन दोष देऊन राह्यलं का? तेरा वर्सं कोनाले कळलं नाई. तुमी नाई सांगाल तं पुढंही कळत नाई. दगडावरच हवं तं गुपचाप बदला. दिल्लीले कायले लिहिता? पदक मांगतीन वापस."

"मागितलं तर देईन."

"तुमचं डोस्कं म्हणजे सरकारी कपाट," बापूजी म्हणाले. त्यांनी चहा संपवला आणि जाताना कार्यक्रमपत्रिकेचा गठ्ठा तिथंच ठेवला. "तुमीच खोडा मंग. माह्या हातून होत नाई."

दोनशे पत्रिका होत्या. कॅप्टननी रूळ घेऊन सातव्या कलमावर, मानपत्राच्या वाचनावर, दोनशे सरळ रेघा मारल्या. मग फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं. ते दीड पानांत संपलं. नाव, गाव, तारीख, स्थळ. पडताळणी न करता खूण केली, ती माझी. घरच्यांनी भीतीपोटी सांगितलं नाही, फसवायच्या हेतूनं नाही, तरी आईच्या पेन्शनचा विचार सहानुभूतीनं व्हावा. 'सहानुभूतीनं' हा शब्द त्यांनी पंचवीस वर्षांत सरकारी पत्रात लिहिला नव्हता. तो त्यांनी एकदा वाचून पाहिला आणि राहू दिला.

*

सकाळी गुलाम रसूलनं दगडाभोवती एक चक्कर मारली.

"नवा दगड?" कॅप्टननी विचारलं.

"नवा कुठून आणता? चार दिवस तं घडाईले पाहिजे. हाच छिलावा लागंन." त्यानं पाचव्या ओळीवर अंगठा फिरवला. "पुरानं नाव जाईपर्यंत खोल छिलतो, सपाट करतो, मंग त्याच्यात नवं नाव. पन साहेब, बाकी आठ ओळी वर राह्यतीन आन् ही एक खाली. लांबून दिसंन का इथी गलती झाली."

"दिसू द्या."

"दोन्ही बाजूनं थोडं थोडं छिलून ढाल देऊ का? समजनार नाई."

"नाही. ओळीपुरतंच."

गुलाम रसूलनं त्यांच्याकडं पाहिलं. "एक बात बोलू? मी लै कबरी केल्या. कोनी नाव बदलाले आला नाई आजवर."

"तुमच्याकडं यादी ठेवणारा माणूस चांगला असेल."

"नाई साहेब. मुर्दे गरीब होते."

त्यानं बसायचं पोतं ओढलं. दोन दिवस तो त्या एका ओळीवर बसला होता. कॅप्टन सकाळी आणि संध्याकाळी येत. फूटपट्टी त्यांनी आणली नाही.

*

सव्वीस तारखेला पटांगणात शाळेची मुलं, मिलचे मालक, नऊ घरचे लोक आणि बरेचसे रिकामे प्रेक्षक जमले. डिप्टी कमिश्नर तरुण होते, त्यांना पुढं आलापल्लीला जंगलखात्याच्या बैठकीला पोचायचं होतं. झेंडा चढला, पडदा निघाला. सातव्या कलमाची वेळ आली तेव्हा बापूजी उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "आता कप्तानसाहेब नावं वाचतील."

कॅप्टन गणवेशात नव्हते. धोतर, काळा कोट आणि टोपी. पदक लावलेलं नव्हतं. त्यांनी कागद न घेता नऊ नावं म्हटली. प्रत्येक नावानंतर थांबले, जसं हजेरीला थांबतात. "पोचू लच्चू मडावी, मोहाळी," असं ते म्हणाले तेव्हा मोहाळीच्या लोकांत थोडी कुजबुज झाली आणि लगेच शमली. पुढं आणखी चार नावं होती.

डिप्टी कमिश्नरनी दगडाजवळ जाऊन पाहिलं. "कॅप्टन, ही ओळ खोल का आहे?"

"नाव चुकलं होतं साहेब. रोलमध्येही चुकलं होतं. चूक माझी. दुरुस्त केली."

साहेबांना आणखी काही विचारायचं होतं असं वाटलं, पण जीप सुरू झाली होती. त्यांनी हात जोडले आणि गेले. मुलांना गूळ-फुटाणे वाटले गेले. सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. रुखमानं दगडापुढं तांदूळ ठेवले आणि नवऱ्याला घेऊन ती शाळेच्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसली. तिथं कोणीतरी त्याला मोठ्यानं "वारलू" म्हणून हाक मारली आणि त्यानं पटकन मागं वळून पाहिलं.

सोनीबाई एकटीच दगडाशी राहिली. कॅप्टन दहा पावलांवर उभे होते. तिला वाचता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. कोणतं नाव ते दाखवावं म्हणून ते एक पाऊल पुढं आले.

म्हातारीनं वरून हात लावला होता. पहिल्या ओळीवर बोट घसरलं, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. मग ते एका जागी आत उतरलं. ती थांबली. तिनं दुसरा हातही दगडावर ठेवला आणि त्या खळग्यातून बोट डावीकडून उजवीकडं हळूहळू नेलं, शेवटपर्यंत, आणि परत सुरुवातीला आणलं.

कॅप्टन जिथं होते तिथंच थांबले.